कारागिराचा पहिला मान

पुढे सरका मंडळी, पुढे सरका! खांबाला टेकलेल्यांनी तर आधी सरका — टेकलेला माणूस कीर्तनात पाचव्या मिनिटाला घोरायला लागतो, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे! हां. या असे. बसा.

आता ऐका. आज प्रश्न एकच आहे, आणि दिसायला अगदी सोपा आहे. आपण एखादी गोष्ट केली. हसत हसत केली. चार माणसांत केली, कौतुकाने केली. केली आणि विसरलो. आपण विसरलो — म्हणजे ती संपली का?

पेटीवाले बुवा मान हलवतायत. बुवा, उत्तराची घाई नको. त्या साहेबांनीही अशीच झटकन मान हलवली असती. कोण साहेब? सांगतो ना!

आजचं आख्यान राजाचं नाही. ऋषीचं नाही. आजचं आख्यान आहे — एका बारचं!

हसा, हसा! मामा, तुम्ही जरा जास्तच जोरात हसलात. काळजी करू नका, मी कुणाचं नाव घेणार नाही! आणि हे बघा, मी इथे दारूबंदीचं भाषण करायला उभा नाही. देवळात बारची गोष्ट कशाला, असं ज्यांच्या मनात आलं त्यांनी शेवटपर्यंत थांबायचं. मग ठरवायचं, देव त्यात होता की नव्हता.

तर — कराडजवळ, कृष्णेच्या काठाला एक बंगला आहे. बंगल्याचे मालक अरविंदराव चौबळ. साखर कारखान्यात चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. दरारा असा, की साहेब मिल-हाउसमध्ये शिरले की फिटर लोक तोंडातली बिडी खिशात टाकायचे — विझली की नाही हे न बघता! मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. चुकायचे नाहीत. आणि माणूस कधी चुकला नाही ना मंडळी, की त्याला वाटायला लागतं, आपण चुकतच नाही.

या साहेबांच्या हॉलच्या कोपऱ्यात तो बार. बंगला बांधला तेव्हाच हौसेनं करून घेतलेला, अडतीस वर्षांपूर्वी. अर्धगोल काउंटर. वरती चॉकलेटी सनमायका. पुढच्या बाजूला मरून रंगाचं रेग्झिन, त्यावर गुंड्या — जुन्या लक्झरी बसच्या सीटला असायच्या ना, तश्शा! मागच्या भिंतीला आरशाचे चौकोनी तुकडे, म्हणजे माणूस एक आणि तोंडं चाळीस! आणि वर लाल-हिरवे बल्ब. त्या काळी लोक तो बार बघायला यायचे हो! 'चौबळांकडे बार आहे' — ही मोठी गोष्ट होती. आता? सनमायकाचे कोपरे उचकटलेले, रेग्झिनला भेगा, बल्ब गेलेले, आणि काउंटरवर कुंदाताईंच्या लोणच्याच्या बरण्या!

कुंदाताई म्हणजे साहेबांच्या मंडळी. कमी बोलणाऱ्या. पण बोलल्या की नेमकं.

साहेबांना पंचाहत्तरावं लागणार होतं. कारखान्यातले जुने दोस्त जेवायला यायचे होते — दहा होते, त्यातले चार उरले होते. साहेब म्हणाले, "कुंदा, त्याआधी बार नीट करून घ्यायचा."

"काढून टाका. मी तिथं तुळशीची कुंडी ठेवीन."

"हॉलमध्ये तुळस?"

"हॉलमध्ये बार चालतो, मग तुळस का नाही?"

बोला! याला उत्तर आहे? साहेबांनी सरळ पुण्याच्या मुलीला फोन केला. मुलीने एक डिझायनर पाठवला. तो मुलगा आला, मोबाइलवर फोटो काढले, म्हणाला, "अंकल, हे सगळं आउटडेटेड आहे. पूर्ण तोडू. इटालियन मार्बल टाकू. साडेचार लाखांत मस्त होईल."

साहेब खुर्चीतून उठले! "साडेचार लाख? अरे, तेवढ्यात आम्ही अख्खा बॉयलर उघडून परत बसवायचो! तीस हजार. त्याच्यावर एक रुपया नाही!"

पोरगा तीस हजार ऐकून निघून गेला, चहासुद्धा न घेता. मग साहेब गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "तीस हजारांत असलं काम एकच माणूस करील साहेब. शिदू मिस्त्री. शिदराम पांचाळ. हात असा आहे, की लाकूड त्याच्याशी बोलतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिदू मिस्त्री आला. साठीचा माणूस. बारीक अंगाचा, केस सगळे पांढरे, डाव्या डोळ्यावर जरा धुरकट पडदा. साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते, त्यांनी वर पाहिलं — मिस्त्री गेटमध्ये उभा. एक पाय आत, एक पाय बाहेर. आणि हलेचना!

"या ना मिस्त्री! कुत्रा नाही आमच्याकडे!"

तरी तो उभाच. नुसता घराकडे बघत. मग आला. हॉलमध्ये गेला, बारपुढे उभा राहिला. बराच वेळ. साहेबांना वाटलं, अंदाज घेतोय. मग त्याने बोटाच्या पेराने काउंटरवर टकटक केलं.

"सांगाडा सागवानी हाय साहेब. त्यो तोडायचा न्हाई. वरचं कातडं तेवढं बदलायचं. तीस हजार लागायचं न्हाईत."

"वरून तर सनमायका आहे. सागवानी आहे हे कसं कळलं?"

"कळतं," मिस्त्री म्हणाला. "उद्या सांगतो, काम करतो का न्हाई त्ये."

आणि गेला! साहेबांना मनातून बरं वाटलं. न बघता धातू ओळखणारा माणूस हा — त्याला न बघता लाकूड ओळखणारा भेटला!

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, पण एकटा नाही. सोबत बायको. सगुणाबाई. हातात जेवणाचा डबा आणि काखेत अर्धी शिवलेली गोधडी. मिस्त्री म्हणाला, "करतो साहेब. पर तीन गोष्टी हायेत. एक, ह्यातल्या बाटल्या आधी हलवा. काम हुईस्तवर हितं नकोत."

"बरोबर, फुटतील."

"दोन. पाच वाजता मी जाणार."

"चालेल."

"तीन. ही माझी बायको. ही हितं समोर बसंल. काम न्हाई करणार. नुसती बसंल."

साहेब बघतच राहिले. पण कुंदाताईंनी आतून पाट आणून दिला, आणि सगुणाबाई दाराशी बसल्या. सुईत दोरा ओवला.

आणि काम सुरू झालं! मंडळी, काम म्हणजे काय असतं ते ऐका. आपण काम करतो घड्याळाकडे बघत. हा माणूस काम करायचा लाकडाकडे बघत.

आधी रेग्झिन सोडवलं. एकेक खिळा अलगद काढून सरळ करून डब्यात टाकला, परत वापरायला. मग कुंदाताईंकडे जुनी इस्त्री मागितली. इस्त्री! ताई म्हणाल्या, "बारला इस्त्री करणार?" त्याने खरंच इस्त्री गरम केली, सनमायकावर जाड फडकं टाकलं आणि हळूहळू फिरवली. खालचा जुना सरस वितळला. मग पटाशीचं टोक कडेखाली सरकवलं, आणि ते चॉकलेटी पापुद्र्यासारखं उचललं गेलं — असं, एका अंगाने! आणि खाली? खाली साग! सरसाने काळवंडलेला, पण अखंड. अडतीस वर्षं अंधारात असलेला.

साहेब पेपर बाजूला ठेवून उभे राहिले.

मिस्त्रीने रंधा फिरवला. मग पॉलिशपेपर — जाडा, मग मध्यम, मग बारीक. आणि एक गंमत साहेबांनी पाहिली. मिस्त्री डोळे मिटायचा. डोळे मिटून तळहात लाकडावरून फिरवायचा, देवाच्या पायांवरून फिरवावा तसा. मधेच थांबायचा. "हितं हाय," म्हणायचा, आणि बरोब्बर तिथेच घासायचा.

साहेब पडले इंजिनियर! ते आतून सपाटी मोजायची स्पिरिट लेव्हल घेऊन आले. काउंटरवर ठेवली. बुडबुडा मध्यावर. दुसरीकडे ठेवली. मध्यावर. गोलाईवर ठेवली — मध्यावर! लेव्हल खाली ठेवली त्यांनी आणि काही बोलले नाहीत. कारखान्यातल्या कुणालाही विचारा, चौबळसाहेब मोजून झाल्यावर काही बोलले नाहीत, असं आयुष्यात घडलेलं नव्हतं!

मग माळ्यावरचा मोडका पलंग खाली आला, त्याच्या फळ्यांची दोन शेल्फं झाली. जुन्या खिडक्यांच्या झडपा अडगळीत पडल्या होत्या, त्या रेग्झिनच्या जागी बसल्या. आरशाचे तुकडे निघाले, भिंत शुभ्र झाली. कुंदाताई हळूच म्हणाल्या, "सासूबाईंची एक पितळी चाळण आहे. काही होईल का तिचं?" मिस्त्रीने ती चिंचेनं घासली, उलटी टांगली आणि आत बल्ब सोडला. आणि भर दुपारी खिडकीचा पडदा ओढून बटण दाबलं — मंडळी! त्या चाळणीच्या भोकाभोकांतून उजेड भिंतीवर पडला. सगळी भिंत ठिपक्यांनी भरून गेली. कुंदाताईंच्या पदरावर ठिपके, सगुणाबाईंच्या गोधडीवर ठिपके! साहेब पंचाहत्तरीचा माणूस, तोंड उघडं टाकून बघतोय, जत्रेतल्या पोरासारखा!

एवढं झालं, आता राहिलं पॉलिश. साहेब म्हणाले, "मिस्त्री, वर लाखेचं पॉलिश मारा. चकचकीत."

मिस्त्रीचा हात थांबला. "न्हाई साहेब. जवसाचं त्याल लावतो. वरून मधाचं मेण."

"का? पॉलिश येत नाही?"

"येतं. पर ती लाख स्पिरिटात इरघळवत्यात. मी स्पिरिटला हात लावत न्हाई."

"वासाचा त्रास होतो वाटतं?"

मिस्त्रीने सगुणाबाईंकडे पाहिलं. "व्हय," म्हणाला. "वासाचाच."

लक्षात ठेवू नका काही, नुसतं ऐकत चला! तेल लागलं. आणि ते लाकूड जागं झालं, मंडळी! दुसरा शब्द नाही माझ्याजवळ. नदीचं पाणी ओसरल्यावर ओल्या वाळूवर रेघा राहतात ना, तशा रेघा वर आल्या — मधाच्या रंगाच्या, एकीतून एक वळत जाणाऱ्या. साहेब रोज सकाळी आधी तिथे जायचे, मग दात घासायला!

एक दिवस त्यांनी सगुणाबाईंना विचारलं, "बाई, तुम्ही रोज इथे का बसता? कंटाळा नाही येत?"

सगुणाबाई सुई टोचत म्हणाल्या, "त्यास्नी मी समूर लागते."

"या वयात?" साहेब हसले.

"ह्याच वयात," बाईही हसल्या. पण डोळे हसले नाहीत. साहेबांना ते दिसलं नाही. बेअरिंगचा आवाज ओळखणं वेगळं हो, आणि हे वेगळं!

चौदाव्या दिवशी दुपारी चारला काम संपलं. मिस्त्रीने हत्यारं पिशवीत भरली. एकूण खर्च सव्वीस हजार. चार हजार उरले! साहेबांना आनंद मावेना. त्यांनी स्वतः आतून बाटल्या आणल्या, पलंगाच्या फळ्यांवर ओळीने लावल्या. चाळणीतला दिवा लावला. आणि खानदानी माणूस, मनाचा मोठा — त्यांना वाटलं, या माणसाला नुसते पैसे देऊन कसं चालेल? त्यांनी सगळ्यात चांगली बाटली काढली. मुलीने परदेशातून आणलेली. ग्लासात ओतली. आणि मोठ्या आवाजात, दोन्ही हातांनी ग्लास पुढे करून म्हणाले —

"घ्या मिस्त्री! कारागिराचा पहिला मान!"

दाराशी खडकन आवाज झाला. सगुणाबाई उठल्या होत्या. पाट उलटला होता, गोधडी पायात पडली होती. नुसता एक हात पुढे.

"थांब सगुणे," मिस्त्री म्हणाला. "बस तू."

त्याने ग्लास साहेबांच्या हातातून घेतला. बघा हां. घेतला! नाकापासून वीतभर अंतरावर होता तो. ज्या हाताने बुडबुडा मध्यावर बसवला त्या हाताला ग्लास तोलेना! थोडी दारू हिंदकळून काउंटरवर सांडली. मग त्याने ग्लास खाली ठेवला, काउंटरच्या पार त्या टोकाला. खांद्यावरचं फडकं काढलं आणि सांडलेलं पुसायला लागला.

"डाग पडंल," म्हणाला. "त्याल मुरायचं हाय अजून."

साहेबांना काही कळेना. "अहो, घेत नाही तर तसं सांगायचं! त्यात एवढं काय?"

"साहेब, ह्यो बार मी केलाय."

"हो तर! तुम्हीच केलात की!"

"आत्ता न्हाई. अडतीस वर्साखाली. बाबू ठेकेदारानं मला आणला होता. बावीस वर्साचा होतो. तवा डोक्यावर काळं केस होतं, शिद्या म्हणायचे मला."

साहेब बघत राहिले. त्या पांढऱ्या केसांखाली, त्या धुरकट डोळ्यामागे ते तोंड शोधत राहिले. सापडेना.

"काम झालं त्या दिवशी तुमचं दोस्त आलं होतं. आठ-धाजण. तुम्ही मला पुढं बोलावलंत. ह्यो असाच गिलास भरलात. आणि म्हनालात — कारागिराचा पहिला मान. हेच शब्द साहेब. ह्येच. मी म्हटलं, नको, आमच्यात चालत न्हाई, माझा बाप माळकरी हाय. सगळे हसले. टाळ्या वाजवल्या. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात — एवढा मोठा साहेब, माझ्या खांद्यावर हात! मला वाटलं, न्हाई म्हटलं तर साहेबाचा अपमान हुईल. मी घेतला."

चाळणीतले ठिपके भिंतीवर तसेच.

"लई आवडली मला," मिस्त्री म्हणाला. "खोटं का सांगू. एकुणतीस वर्सं आवडली. बाच्या हातचा रंधा इकला. लेकीच्या लग्नाला मी न्हवतो साहेब, स्टँडवर पडलो हुतो. अक्षता पडल्या त्येचा आवाज मी ऐकला न्हाई. शेवटी शेवटी दारू परवडंना, तवा पॉलिश प्यालो. लाखेचं पॉलिश, स्पिरिटातलं. त्यात ह्यो डोळा गेला. दुसरा कसाबसा वाचला. म्हनून मी हातानं बघतो."

मंडळी… साहेबांना वाटलं होतं, ती कसब दाखवायची ढब आहे! डोळे मिटून लाकूड वाचणं! ती ढब नव्हती. त्या डोळ्यांना बारीक दिसतच नव्हतं!

"नऊ वर्सं झाली सोडून. हिनं सोडवली. पर ह्या तुमच्या रस्त्यानं मी कधी आलो न्हाई. वळसा घालून जायचो. हार्डवेअरवाल्यानं नाव न सांगता मागच्या नव्या रस्त्याचा पत्ता दिला, तवा गेटात आल्यावर ओळखलं. घरी जाऊन हिला सांगितलं. ही म्हनाली, जाऊ नका. मी म्हटलं, मला एकदा त्याच जागी उभं राहून न्हाई म्हणायचंय. तू समूर बस. मला काय वाटलं तर तुझ्याकडं बघीन."

अहाहा! सगुणा! नाव बघा मंडळी! आपण म्हणतो निराकाराची भक्ती अवघड आहे, डोळ्यांपुढे सगुण काहीतरी पाहिजे. या माणसाने आपलं सगुण दारात पाटावर बसवलं होतं, हातात सुई देऊन! तेहेतीस कोटींत शोधत बसला नाही! चौदा दिवस ती बाई गोधडी शिवत नव्हती हो. चौदा दिवस तिने तो माणूस उसवू दिला नाही!

साहेब खाली बसले. स्टुलावर नाही — जमिनीवर. "मिस्त्री," ते म्हणाले, "मला… मला आठवत नाही हो. मी आठवून बघतोय. मला काहीच आठवत नाही."

हे ऐकलंत? एका माणसाच्या आयुष्याची एकोणतीस वर्षं ज्या क्षणातून निघाली, तो क्षण देणाऱ्याला आठवतसुद्धा नव्हता! वाईट हेतू होता का? नाही! उलट प्रेमाने दिला होता. मान म्हणून दिला होता. म्हणून तर तो बावीस वर्षांचा पोरगा नाही म्हणू शकला नाही. अपमान करून दिला असता तर त्याने भिरकावला असता!

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. कुंदाताईंचा.

"मला आठवतंय," त्या म्हणाल्या. "मी इथेच उभी होते. हातात तळलेल्या शेंगदाण्यांची बशी होती. तुमच्या कपाळावर घाम आला होता, मिस्त्री. मला वाटलं होतं, मधे पडावं. म्हणावं, राहू दे ना, नको म्हणतोय तो. पण चार लोकांत नवऱ्याला कसं बोलायचं? मी बशी ठेवली आणि आत गेले."

मिस्त्रीने हात जोडले. "ताई, साहेब, मी कुणावर बोट ठेवाया न्हाई आलो. पहिला तुम्ही दिलात. बाकीचं मी घेतलं."

असं म्हणाला! तबलजी, जरा थांबा, नुसतं राहू द्या…

साहेब एकदम उठले. मिस्त्रीच्या पिशवीतली हातोडी उचलली, शेल्फावरच्या बाटल्यांकडे गेले. "मोडून टाकतो हे सगळं!"

"साहेब!" मिस्त्री ओरडला — चौदा दिवसांत पहिल्यांदा आवाज चढला त्याचा. "लाकडाला हात लावू नका! त्येनं काय केलंय?"

हातोडी खाली आली. मिस्त्री आणि सगुणाबाई निघून गेले.

मग वाढदिवसाचा रविवार आला. दुपारी जेवण. चार दोस्त आले, बायका-मुलं आली, पुण्याहून लेक-जावई आले. सगळे त्या काउंटरवरून हात फिरवतायत, "काय झालंय हे! किती लाख?" विचारतायत. जावई म्हणतोय, "बाबा, फीत कापा, बाटली उघडा." आणि साहेब सारखे गेटाकडे बघतायत. कारण आदल्या दिवशी ते स्वतः मिस्त्रीच्या घरी जाऊन, दोघांना जेवायचं आमंत्रण देऊन आले होते.

ते दोघं आले. मिस्त्री धुतलेल्या सदऱ्यात. सगुणाबाई नव्या लुगड्यात. सगळ्यांना वाटलं, साहेब कारागिराला बक्षीस देणार. साहेबांनी मिस्त्रीचा हात धरला आणि सगळ्यांच्या मधोमध आणला. ज्याच्यापुढे अख्खा कारखाना चळचळा कापायचा, तो माणूस मिस्त्रीचा हात न सोडता बोलायला लागला.

"या माणसाला मी अडतीस वर्षांपूर्वी, याच जागी, नको म्हणत असताना दारू पाजली. मला वाटलं, मी मान देतोय. चार जणांत पाजली. म्हणून माफीही चार जणांत मागतोय. शिदरामजी, मला माफ करा." आणि पंचाहत्तर वर्षांचे साहेब वाकले. पायांपर्यंत!

मिस्त्री मागे सरला. "साहेब, न्हाई, न्हाई—"

आणि मग कोपऱ्यातून एक काठी वाजली. साहेबांचे दोस्त, माधवराव सबनीस. ऐंशीचे. काठी टेकत टेकत पुढे आले. मिस्त्रीपुढे थांबले. म्हणाले, "टाळी मी वाजवली होती. पहिली टाळी माझी होती. मला आठवतंय. मी त्या दिवशी फार हसलो होतो." आणि त्या म्हाताऱ्याने हात जोडले. त्या जोडलेल्या हातांतून काठी सुटून खाली पडली. ती उचलली कुणी? शिदू मिस्त्रीने. उचलली, पुसली, आणि त्यांच्या हातात दिली.

बाटली कुणी उघडली नाही त्या दिवशी. कुणी बंदी घातली नव्हती हो! कुणाला आठवणच झाली नाही. सगळे त्या काउंटरभोवती उभे राहून श्रीखंड-पुरी जेवले. कुंदाताईंनी सगुणाबाईंना पहिली वाढली, आग्रह करकरून. आणि साहेबांनी कुणालाच आग्रह केला नाही. ताटात काही वाढायच्या आधी प्रत्येकाला विचारत होते — "चालेल ना? नको असेल तर नको म्हणा हं. मला राग येणार नाही." पंचाहत्तराव्या वर्षी शिकलेला माणूस!

मंडळी, मी त्या घरी गेलोय. त्या लाकडाला हात लावलाय. खरं सांगतो, आपोआप डोळे मिटतात.

आता उत्तर. आपण विसरलो म्हणजे संपलं का? तुम्हीच सांगा! आणि दारूपुरतं नका धरू. मघाशी हसणारे मामा आता गप्प बसलेत, पण ज्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही त्यांनीही सुटलो समजू नका! वर्गात कुणाला 'ढ' म्हणालात, सगळा वर्ग हसला. लग्नात कुणाच्या लेकीच्या रंगावर बोललात, मांडव हसला. नव्या सुनेला सगळ्यांदेखत म्हणालात, 'आईने एवढंही शिकवलं नाही का?' मास्तर विसरले, मांडव विसरला, सासू विसरली. ज्याला लागलं तो अजून जागा आहे! आणि तुम्ही बोललाच नसाल, नुसती टाळी वाजवली असेल. किंवा टाळीही नसेल, नुसती बशी ठेवून आत गेला असाल. आहे कुणी इथे, ज्याने यातलं एकही केलं नाही? हात वर करा! …पेटीवाले बुवा, तुमचाही हात खाली आहे. माझाही खालीच आहे.

मग करायचं काय? घरी जाऊन रडायचं? रडून कुणाचा डोळा परत येत नाही. आज अंथरुणावर पडलात की एक नाव आठवा. एकच. आठवत नसेल तर बायकोला विचारा, तिला नक्की आठवेल! आणि उद्या सकाळी देवाला फूल वाहायच्या आधी त्या माणसाच्या दारात जा. तो काय म्हणेल ते म्हणो. दार उघडेल किंवा नाही उघडणार. पण तुम्ही उभे राहा. तुम्ही दारात उभे असाल ना, तेव्हा तुमचा विठ्ठल तुमच्या मागे उभा असेल, तोही कमरेवरचे हात काढून, जोडून!

उठा आता, सावकाश उठा. आणि जाताना शेजारच्याकडे एकदा नीट बघा. कोण जाणे, ते नाव त्याचंच असेल.

म्हणा माझ्यासंगे, मोठ्यानं नको, ज्याचं त्यानं, आपल्या आतल्या आत — हरी, हरी, हरी…